न लागलेले निकाल : अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचे जर-तरचे नकाशे

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, असे सांगून जर-तरचा विषय मोडीत काढण्याची आपल्याकडे रीत आहे. ही रीत आपण पाळतो असे मात्र नाही. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, हा प्रश्न मराठी माणूस अडीचशे वर्षे विचारतो आहे. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत ती गोळी चुकवून एक वेगळाच हिंदुस्थान उभा केला. पण पानिपताच्या जर-तरमध्ये एक अडचण राहतेच. गोळी चुकली असे एकदा मानले की पुढचे सारे कल्पनेवर सोडावे लागते. पडताळून पाहायला हातात आकडा नसतो.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत आकडा असतो. प्रत्येक राज्यात कोणाला किती मते पडली, हे शेवटच्या मतापर्यंत नोंदलेले असते. नकाशावर लाल असलेले एक राज्य निळे रंगवायचे, बेरीज पुन्हा मांडायची, की कधी कधी राष्ट्राध्यक्षच बदललेला असतो. न लागलेल्या निकालांचे असे नकाशे रंगवणे हा तिकडच्या राज्यशास्त्रज्ञांचा, पत्रकारांचा आणि हौशी मंडळींचा जुना उद्योग. वरवर तो पोरखेळ वाटतो. पण मतदाराचा कौल कुठे संपतो आणि नियमाची करामत कुठे सुरू होते, हे या नकाशांइतके स्वच्छ क्वचितच कशातून दिसते. शिवाय २०२०च्या अखेरीस यातला एक नकाशा कागदावरून उचलून खरा करण्याचा प्रयत्न झाला. त्यामुळे हा खेळ आता नुसता खेळ राहिलेला नाही.

आधी यंत्र कसे चालते ते पाहू. अमेरिकी मतदार राष्ट्राध्यक्षाला थेट निवडत नाही, तो आपल्या राज्याचे निर्वाचक निवडतो. राज्याचे प्रतिनिधिगृहात जितके सदस्य, अधिक सिनेटचे दोन, तितके त्या राज्याचे निर्वाचक. प्रतिनिधिगृहाचे ४३५, सिनेटचे १०० आणि राजधानी वॉशिंग्टनचे ३ मिळून ५३८. जिंकायला २७० लागतात. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस राज्यांत आणि राजधानीत ज्याला एक मत जास्त त्याला सगळे निर्वाचक, असा नियम आहे. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये तेवढी वेगळी. तिथे दोन निर्वाचक राज्यभरच्या विजेत्याला आणि बाकीचे प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघागणिक मिळतात.

सिनेटच्या त्या दोन जागांमुळे लहान राज्याला झुकते माप मिळते. वायोमिंग आकाराने महाराष्ट्रापेक्षा थोडेसेच लहान आहे, पण त्याची २०२०ची लोकसंख्या पावणेसहा लाख, म्हणजे २०११च्या जनगणनेतल्या कोल्हापूर शहरापेक्षा जेमतेम जास्त. त्याला ३ निर्वाचक. चार कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियाला ५४. भागाकार केला तर वायोमिंगमध्ये एका निर्वाचकामागे १ लाख ९२ हजार माणसे येतात आणि कॅलिफोर्नियात ७ लाख ३० हजारांहून अधिक. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदारांच्या मताचे मूल्य वेगवेगळे असते, महाराष्ट्रातल्या आमदाराचे १७५ आणि गोव्यातल्या आमदाराचे २०. पण तो फरक लोकसंख्येशी प्रमाण राखण्यासाठी आहे, भले ती लोकसंख्या १९७१ची धरलेली असो. अमेरिकेत नेमके उलट आहे. तिथे प्रमाण मोडण्याचीच सोय घटनेत करून ठेवली आहे.

लाल म्हणजे रिपब्लिकन आणि निळा म्हणजे डेमोक्रॅट हे रंगही अनादी नाहीत. एनबीसी वाहिनीने १९७६ मध्ये दिव्यांचा मोठा नकाशा उभारला, तेव्हा डेमोक्रॅट कार्टर यांची राज्ये लाल दाखवली होती आणि रिपब्लिकन फोर्ड यांची निळी. आजचे रंग पक्के झाले ते २०००च्या निवडणुकीत, कारण तो नकाशा लोकांना पाच आठवडे दूरचित्रवाणीवर पाहत बसावे लागले.

जर-तरची खरी खाण तीच निवडणूक आहे. अल गोर यांना देशभरात बुश यांच्यापेक्षा सुमारे ५ लाख ४० हजार मते जास्त मिळाली, तरी ते हरले. फ्लोरिडात साठ लाखांच्या आसपास मतदान झाले आणि बुश अधिकृतपणे ५३७ मतांनी जिंकले. पाम बीच काउंटीतल्या मतपत्रिकेची फसवी मांडणी, अर्धवट टोचली गेलेली कार्डे, राल्फ नेडर यांना फ्लोरिडात पडलेली ९७ हजारांहून अधिक मते, फेरमोजणी थांबवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, हे सगळे तेव्हा आपल्याकडच्या वृत्तपत्रांतही पुष्कळ आले. न्यू हॅम्पशायरकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. हे चार निर्वाचकांचे चिमुकले राज्य बुश यांनी सात हजारांच्या थोड्या अधिक फरकाने जिंकले होते आणि तिथेही नेडर यांना २२ हजारांच्या वर मते होती. ते राज्य गोर यांच्याकडे गेले असते तर त्यांचे २६७ चे २७१ झाले असते. राजधानीच्या एका निर्वाचकाने निषेध म्हणून मतपत्रिका कोरी ठेवली, ते मत वजा करूनही २७० उरतातच. मग फ्लोरिडाकडे बघायचीही गरज नव्हती.

फ्लोरिडाचा आणखी एक जर आहे आणि मला तो सगळ्यांत मजेदार वाटतो. या राज्याचा पश्चिमेकडचा भाग तव्याच्या दांड्यासारखा अलाबामाच्या खाली पसरला आहे. अलाबामाला तो पूर्वीपासून हवा होता. १८६९ मध्ये तिथल्या लोकांनी अलाबामात जाण्याच्या बाजूने कौलही दिला होता, पण सौदा फिसकटला. त्या पट्टीतल्या एकट्या एस्कँबिया काउंटीतच २००० मध्ये बुश यांना तीस हजारांवर मतांची आघाडी होती. सौदा जमला असता तर उरलेला फ्लोरिडा गोर यांचा. एकशे एकतीस वर्षांपूर्वी फसलेल्या जमिनीच्या व्यवहाराने महासत्तेचा प्रमुख ठरला, असे म्हणायचा मोह होतो. पण तो आवरावा. हद्द वेगळी असती तर मधल्या काळात माणसे, पक्ष आणि कायदे सगळेच वेगळे वाढले असते.

मतांच्या फरकाचे नकाशे त्या मानाने सरळ असतात. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून अधिक मतांची आघाडी होती. मिशिगन १०,७०४, विस्कॉन्सिन २२,७४८ आणि पेन्सिल्व्हेनिया ४४,२९२ इतक्या फरकांनी ट्रम्प यांच्याकडे गेले. तिन्ही मिळून ७७,७४४. २०२० मध्ये बायडन यांची देशभरातली आघाडी सत्तर लाखांची, पण अ‍ॅरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन मिळून फरक फक्त ४२,९१८ मतांचा. ही तीन राज्ये पलटली असती तर २६९–२६९ अशी बरोबरी झाली असती. बरोबरीत निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते आणि तिथे सदस्यागणिक नव्हे, तर राज्यागणिक एकेक मत असते. त्या वेळी बहुसंख्य राज्यांच्या प्रतिनिधींत रिपब्लिकनांचे पारडे जड होते, त्यामुळे पुढे काय झाले असते हे सांगायला नकोच. २०२४ मध्ये पुन्हा मिशिगन, पेन्सिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन. एकत्रित फरक सुमारे २ लाख ३० हजार, आणि ही तीन राज्ये मिळाली असती तर कमला हॅरिस २२६ वरून नेमक्या २७० वर पोहोचल्या असत्या.

हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. फरक म्हणजे घराबाहेर न पडलेले जास्तीचे मतदार आणायचे असतील तर लागणारी संख्या. मतदान केलेल्यांचीच मने वळवायची असतील तर निम्मीच पुरते. २०२० मध्ये साधारण १५ कोटी ८० लाख मते पडली आणि त्यातल्या साडेएकवीस हजार माणसांनी, अर्थात त्या तीन राज्यांत योग्य वाटणी होऊन, मत बदलले असते तरी निकाल बरोबरीत गेला असता. उलट न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आणि तिकडचे नागरिकत्व घेतलेल्या हजारो मराठी माणसांनी गठ्ठ्याने कोणालाही मत दिले असते, तरी नकाशाचा रंग तसूभर बदलला नसता. तेच कुटुंब नोकरीनिमित्त अटलांटाला किंवा फिलाडेल्फियाला राहिले असते तर दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते त्याच्या दारात उभे राहिले असते.

यात एकाच पक्षाचे नुकसान होते असा समज आहे, तोही पारखून घ्यायला हवा. २००४ मध्ये बुश यांची देशभरातली आघाडी तीस लाखांची होती. ओहायोतली १,१८,६०१ मतांची आघाडी गेली असती तर २० निर्वाचक जॉन केरी यांच्याकडे जाऊन ते राष्ट्राध्यक्ष झाले असते. मग ही पद्धत बदला असा ओरडा कोणी केला असता, ते वेगळे सांगायला नको.

इथवर आपण मते हलवली. दुसऱ्या जातीच्या नकाशांत मते जशीच्या तशी राहतात आणि नियम हलवला जातो. अभ्यासाच्या दृष्टीने हेच नकाशे जास्त मोलाचे. उदाहरणार्थ, प्रत्येक राज्याचे सिनेटमुळे मिळणारे दोन निर्वाचक काढून टाका. २००० मध्ये बुश यांनी तीस राज्ये जिंकली होती, त्यांचे ६० वजा होऊन २७१ चे २११ उरतात. गोर यांची वीस राज्ये आणि राजधानी, त्यांचे ४२ वजा होऊन २६७ चे २२५. गोर विजयी. म्हणजे त्या वर्षी निकाल फिरवला तो लहान राज्यांच्या झुकत्या मापाने. आता तीच वजाबाकी २०१६ ला लावा. ट्रम्प २४६, क्लिंटन १९०. काहीच बदलत नाही. तिथे दोष वायोमिंगसारख्यांचा नव्हता. तीन मध्यम-मोठ्या राज्यांत निसटत्या फरकाने सगळेच्या सगळे निर्वाचक उचलले गेले, तो होता. दोन्ही निवडणुकांत जास्त मते मिळवणारा हरला म्हणून आपण त्यांना एका माळेत ओवतो. नकाशा मात्र दाखवतो की दुखणी दोन आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालणार नाही.

मग मेन-नेब्रास्काची पद्धत सगळीकडे लावली तर? ऐकायला ती जास्त न्याय्य वाटते. पण २०१२चा निकाल तिच्यातून काढून पाहावा. ओबामा तेव्हा देशभरात जवळपास पन्नास लाख मतांनी पुढे होते आणि प्रत्यक्षात ३३२–२०६ ने जिंकले. मतदारसंघागणिक मोजले तर रॉम्नी यांनी २२६ मतदारसंघ आणि २४ राज्ये जिंकली होती, २२६ अधिक ४८ म्हणजे २७४. ओबामा यांचे २०९ मतदारसंघ, २६ राज्यांचे ५२ आणि राजधानीचे ३ मिळून २६४. पन्नास लाखांनी पुढे असलेला उमेदवार हरला असता. कारण मतदारसंघांच्या सीमा राज्यांची विधिमंडळे आखतात आणि ती आपल्या सोयीने आखतात. शिवाय डेमोक्रॅट मतदार शहरांत दाटीने राहतो, त्यामुळे त्याची मते थोड्या मतदारसंघांत साचतात.

या हिशेबाला एक मोठा ‘पण’ लागतो. नियम वेगळा असता तर उमेदवारांनी प्रचारही वेगळा केला असता. डाव संपल्यावर नियम बदलून मांडलेले गुण म्हणजे त्या नियमाने खेळलेला डाव नव्हे. २०१२ मध्ये ओबामा यांना न्यूयॉर्कमध्ये एक डॉलरही खर्च करायचे कारण नव्हते आणि टेक्सासमधल्या हजारो डेमोक्रॅटांना मतदानाला जाण्याचे. म्हणून असा नकाशा ‘असे झाले असते’ एवढे छातीठोकपणे सांगू शकत नाही. नियम कुठल्या बाजूला कललेला आहे, एवढे मात्र तो दाखवतो.

आणि ते राजकारण्यांना अभ्यासकांच्या आधी कळते. १८०० मध्ये व्हर्जिनियाने मतदारसंघांची पद्धत सोडून सगळे निर्वाचक एकगठ्ठा देण्याची पद्धत स्वीकारली, ती जेफरसन यांचे एकही मत वाया जाऊ नये म्हणून. मतदारसंघांची पद्धत बरी, पण बाकीचे ती पाळत नसताना आपणच पाळणे वेडेपणाचे, असे खुद्द जेफरसन यांचे मत होते. उलट मिशिगनमधल्या डेमोक्रॅटांनी १८९२च्या निवडणुकीपुरती मतदारसंघांची पद्धत आणली आणि १४ पैकी ५ निर्वाचक पदरात पाडून घेतले. व्हर्जिनियातच २०१३च्या सुरुवातीला तसे विधेयक आले. ते आधीच लागू असते तर राज्य जिंकूनही ओबामा यांना १३ पैकी ४ च निर्वाचक मिळाले असते. विधेयक पुढे सरकले नाही. २०२४च्या सप्टेंबरात नेब्रास्काची वेगळी पद्धत मोडण्यासाठी रिपब्लिकन नेत्यांनी जोर लावला. कारण उघड होते. हॅरिस यांच्या त्या नेमक्या २७० मध्ये ओमाहा शहराच्या मतदारसंघाचा एक निर्वाचक धरलेला होता. तो काढला की २६९–२६९. ओमाहाच्याच एका रिपब्लिकन सिनेटरने राज्याच्या विधिमंडळात नकार दिल्याने तो बेत बारगळला.

नियमाचा सगळ्यांत काळा नकाशा सर्वांत जुन्यांपैकी आहे. मूळ घटनेत राज्याची लोकसंख्या मोजताना गुलामांची गणना तीन-पंचमांश धरली जाई. गुलामाला मत नाही, पण त्याच्या असण्यामुळे मालकाच्या राज्याचे निर्वाचक वाढत. १८०० मध्ये जेफरसन यांना ७३ आणि अ‍ॅडम्स यांना ६५ निर्वाचक मिळाले. गुलामांच्या मोजणीतून आलेले दक्षिणेचे जादा निर्वाचक वजा केले तर अ‍ॅडम्स जिंकले असते, असे अनेक इतिहासकार मांडत आले आहेत.

आता २०२०. निकाल मान्य नसलेल्या उमेदवाराच्या समोरही हाच जर-तरचा नकाशा होता. २ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांनी जॉर्जियाचे निवडणूकप्रमुख ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना दूरध्वनी केला आणि आपल्याला ११,७८० मते शोधून हवी आहेत, असे सांगितले. ते संभाषण ध्वनिमुद्रित आहे. जॉर्जियातला फरक ११,७७९ चा होता. एकाची भर घालून मागणी केली गेली, यातच तिचा उगम कळतो. जॉर्जियातली मते तोवर हातानेही मोजून झाली होती. त्याआधी १४ डिसेंबरला सात राज्यांत ट्रम्प समर्थकांनी आपणच निर्वाचक असल्याच्या दस्तऐवजांवर सह्या केल्या होत्या. दोन राज्यांत निदान ‘पुढे मान्यता मिळाल्यास’ अशी पुस्ती होती, बाकीच्यांत तीही नाही. कल्पनेतला नकाशा सह्यांनिशी काँग्रेसकडे रवाना झाला.

त्यासाठी पुढे केलेला दाखला होता १९६०च्या हवाईचा. त्या निवडणुकीत इलिनॉय ९ हजारांच्या आत आणि टेक्सास ४६ हजारांच्या फरकाने केनेडी यांच्याकडे गेले होते. ही दोन राज्ये निक्सन यांना मिळाली असती तर त्यांचे २१९ चे २७० झाले असते, आणि तेव्हा २६९ पुरेसे होते. हवाईत आधी निक्सन विजयी ठरले. न्यायालयाच्या देखरेखीखाली फेरमोजणी चालू असताना दोन्ही पक्षांच्या निर्वाचकांनी आपापली मते नोंदवून ठेवली. फेरमोजणीत केनेडी ११५ मतांनी पुढे निघाले. ६ जानेवारी १९६१ रोजी काँग्रेसमध्ये मोजणी झाली तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने पीठासनावर होते स्वतः निक्सन. त्यांनी हवाईची मते केनेडी यांच्या खात्यात मोजायला लावली आणि आपला पराभव जाहीर केला. २०२० मध्ये त्या सात राज्यांत निकाल बदलू शकेल अशी कुठलीच फेरमोजणी उरली नव्हती. दाखला हवाईचा घेतला, पण तिथे पीठासनावरच्या माणसाने काय केले तेवढे सोडून. माइक पेन्स यांनी मात्र निक्सन यांचीच वाट धरली. सभागृहावर जमाव चालून आला, तरी मध्यरात्रीनंतर मोजणी पूर्ण झाली. डिसेंबर २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करून उपराष्ट्राध्यक्षाचे काम केवळ औपचारिक आहे हे स्पष्ट केले गेले, आणि आक्षेप घ्यायला दोन्ही सभागृहांतल्या एक-पंचमांश सदस्यांचा पाठिंबा आवश्यक ठरला. त्याआधी प्रत्येकी एकाचा पुरत असे.

निसटत्या राज्यांची ही ओढ काढून टाकण्याचा एक मार्ग म्हणजे देशभरातल्या एकूण मतांवर निकाल. घटनादुरुस्ती जवळपास अशक्य, म्हणून काही राज्यांनी आपसांत करार केला आहे : सहभागी राज्यांची बेरीज २७० झाली की सगळ्यांनी आपले निर्वाचक देशभरात जास्त मते मिळवणाऱ्याला द्यायचे, मग आपल्या राज्याचा कौल काहीही असो. २०२४ मध्ये मेन सामील झाले तेव्हा ही बेरीज २०९ वर पोहोचली होती. करार करणारी सगळी राज्ये आणि राजधानी त्याच वर्षी हॅरिस यांच्या बाजूने गेली, मेनचा एक मतदारसंघ तेवढा वगळून. पण देशभरात जास्त मते होती ट्रम्प यांना. करार तेव्हा लागू असता आणि मते हीच पडली असती, तर कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्सचे निर्वाचकही ट्रम्प यांना गेले असते. निकाल लागला असता ५२०–१८. हॅरिस यांच्याकडे उरले असते व्हर्जिनिया, न्यू हॅम्पशायर आणि तो ओमाहाचा एक निर्वाचक.